मोठी एसयूव्ही छोट्या हॉट हॅचला खरंच मागे टाकते का? गाडी बदलायची आहे, सल्ला हवा

सहावा गिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ह्युंदाई आय ट्वेंटी एन ही हॉट हॅच, म्हणजे जोरदार इंजिनाची छोटी गाडी आहे. कमी ताकदीची एन लाइन नव्हे, 204 पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती) मॅन्युअल एन. गाडीवर माझा जीव आहे. पण आता मागे दोन चाइल्ड सीट लागतात आणि आई-बाबा सोबत असले की दोन गाड्या काढाव्या लागतात. म्हणून मोठी एसयूव्ही घ्यायचं घाटतंय.

थोरल्या भावाकडे बीएमडब्ल्यू एक्स फाइव्ह थर्टी डी आहे. 'माझी गाडी तुझ्या हॅचपेक्षा जास्त पळते, वर सगळं घर बसतं, मग अडतंय कुठे?' हे त्याचं ठरलेलं वाक्य. कागदावर त्याचं खरंही दिसतं. शून्य ते शंभरला त्याची गाडी 6.1 सेकंद घेते, माझी 6.2. तरी त्याची गाडी चालवताना मला तो वेग कुठे सापडत नाही. सिग्नलवरून निघताना ती नक्कीच पुढे जाते, पण वळणावळणाच्या रस्त्यावर मात्र मीच पुढे असेन असं मला मनापासून वाटतं.

मला दोन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. भावाचं म्हणणं कुठपर्यंत खरं आहे? आणि गाडी चालवण्याची आवड असलेल्या माणसाने एसयूव्ही घ्यायचीच झाली तर नेमकं काय बघून घ्यावी? घरी पार्किंग एकच आहे, त्यामुळे दोन्ही ठेवा हा सल्ला उपयोगाचा नाही.

वायुवेग

कोणती एसयूव्ही आणि कोणती हॅच हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. लँबॉर्गिनी उरूस 650 पीएसची, शंभर गाठते 3.6 सेकंदांत. पोर्शे कायेन टर्बो जीटी 3.3. या गाड्यांपुढे फिएस्टा एसटी (200 पीएस, 6.5 सेकंद) सरळ रस्त्यावर उभीही राहू शकत नाही. तेच टोयोटा फॉर्च्युनरचं 2.8 डिझेल घ्या. टॉर्क (इंजिनाची पिळणारी ओढ) 500 न्यूटन मीटर, पण वजन दोन टनांच्या वर आणि ताकद 204 पीएस, म्हणजे तुमच्या आय ट्वेंटी एन इतकीच. शंभर गाठायला दहा सेकंदांच्या आसपास लागतात. तिला तुमची गाडी सहज मागे टाकेल. सुझुकीची स्विफ्ट स्पोर्टसुद्धा टाकेल. तिच्यात 140 पीएसच आहेत, पण वजन जेमतेम 975 किलो, म्हणून 8.1 सेकंद.

भावाची एक्स फाइव्ह या दोन टोकांच्या मधली आहे. म्हणून तुमची तुलना इतकी घासून होतेय.

पाना दहा-बारा

वायुवेग यांचे आकडे बरोबर आहेत, पण या धाग्यातली खरी गंमत मधल्या गाडीतच आहे. थोडं सविस्तर लिहितो.

एक्स फाइव्ह थर्टी डी 286 पीएस, वजन साधारण 2.2 टन. टनामागे 130 पीएस झाले. आय ट्वेंटी एन 204 पीएस, 1190 किलो. टनामागे 171. या हिशोबाने हॅच आरामात पुढे असायला हवी, तरी शून्य ते शंभरमध्ये ती दशांश सेकंदाने मागे पडते. का?

पहिलं कारण सुटतानाच्या पहिल्या काही मीटरांत आहे. गाडी जोरात निघाली की वजन मागच्या चाकांकडे सरकतं. आय ट्वेंटी एनची पुढची चाकं गाडी ओढतात, आणि नेमकी त्याच क्षणी ती हलकी होतात. क्लच जरा लवकर सोडला की चाकं जागच्या जागी फिरतात, स्टेअरिंग हातात डावी-उजवीकडे ओढतं, रबराचा वास येतो. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एकच चाक फुकट फिरू न देणारी यंत्रणा) असलं तरी जमिनीला चिकटलेलं रबर तेवढंच राहतं. एक्स फाइव्हची चारही चाकं ओढतात. मागे सरकलेलं वजन तिथे वाया जात नाही, उलट मागच्या चाकांच्या कामी येतं. दुसरं कारण गिअरबॉक्स. आठ गिअरचा ऑटोमॅटिक शिफ्ट करताना ताकद जवळपास तुटू देत नाही. तुम्ही हाताने पहिल्यातून दुसऱ्यात आणि पुढे टाकता, तेव्हा प्रत्येक वेळी चाकांकडे जाणारी ताकद क्षणभर शून्य होते. तिसरं कारण डिझेलचा 650 न्यूटन मीटरचा टॉर्क. तो खालच्या आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) हजर असतो. त्यामुळे तुमचा भाऊ नुसता पाय दाबतो आणि गाडी निघते, तुम्हाला मात्र निघण्याची नीट तयारी करावी लागते.

आता दोन्ही गाड्या आधीच पळत आहेत असं धरा. तुम्ही योग्य गिअरमध्ये आहात, आरपीएम वर आहे. सुटतानाचा फायदा इथे उरत नाही, वजन आणि ताकदीचं गणित परत चालू होतं. वेग वाढत गेला की हवाही मध्ये येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. म्हणजे वेग दुप्पट झाला की नुसती हवा कापायला आठपट ताकद लागते. मोठ्या एसयूव्हीचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ छोट्या हॅचपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त असतं. शून्य ते शंभरच्या आकड्यात ही गोष्ट दिसत नाही, कारण हवेचा खरा त्रास त्याच्या पुढे सुरू होतो.

म्हणून भावाला सांगा, 'सुटताना तू पुढे, पळत्या गाडीत आपण बरोबरीचे, कदाचित मीच पुढे.' टोयोटाची जीआर यारिस असती तर सुटतानाही भाऊ मागे राहिला असता. 261 पीएस, 1280 किलो आणि चारही चाकांना ताकद, 5.5 सेकंद.

वळणवाट

पानादादा, सरळ रस्त्याचा हिशोब छान मांडलात. पण धागाकर्त्यांचा खरा प्रश्न वळणांचा आहे, म्हणून मी तिथून सुरू करते. ट्रॅकवर दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवल्या आहेत, हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

दुप्पट वजनाच्या गाडीला दुप्पट रुंद टायर दिले की हिशोब जुळला, असं पुष्कळांना वाटतं. तो जुळत नाही. टायरवर भार वाढवत नेला की ग्रिप वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडत जाते. वळणात गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, आणि गाडी जितकी उंच तितकं जास्त जातं. भरलेली घागर डोक्यावर घेऊन झटकन वळून बघा, मग कमरेवर घेऊन वळा, म्हणजे हे लगेच समजेल. एसयूव्हीत बाहेरच्या दोन टायरांवर प्रचंड भार पडतो, आतले दोन जवळजवळ रिकामे राहतात, आणि चौघांची मिळून ग्रिप कमी होते.

हा फरक केवढा? 50 मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ग्रिप 0.95 जी (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकी) मिळाली तर ते ताशी 78 किमीने घेता येतं, 0.85 जी मिळाली तर 73-74 ने. चार-पाच किमीचाच फरक. ताकदवान एसयूव्ही वळणातून बाहेर पडताच तो भरून काढते. पुढे मोठा सरळ पट्टा असेल तर तीच पुढे. पण पुढे लगेच दुसरं वळण असेल, मग तिसरं, तर तिला ताकद लावायला जागाच मिळत नाही आणि ते चार-पाच किमी दर वळणाला साठत जातात.

दिशा बदलणं हा वेगळाच विषय. डावं वळण संपताच उजवं लागलं की उंच गाडीचं शरीर आधी एका बाजूला कललेलं असतं, ते सरळ व्हायचं, मग दुसऱ्या बाजूला कलायचं, मगच टायर पूर्ण काम करणार. हॅचमध्ये हे कधी होऊन गेलं ते कळतही नाही. बेंटायगा, उरूस, कायेन यांसारख्या गाड्यांत 48 व्होल्टवर चालणारे सक्रिय अँटी रोल बार मिळतात, ते हे कलणं बऱ्यापैकी दाबतात. मागची चाकंही थोडी वळतात, त्यामुळे गाडी लहान झाल्यासारखी वाटते. वजन मात्र तेवढंच राहतं.

आणि रुंदी! हा मुद्दा कुणी मांडत नाही याचं मला कायम आश्चर्य वाटतं. उरूसची रुंदी आरशांशिवाय 2016 मिमी, फिएस्टाची 1735. आपली लेन तीन मीटरची धरली तर उरूसला उरते एक मीटरही नाही, फिएस्टाला उरते सव्वा मीटरच्या वर. त्या उरलेल्या जागेतच तुम्ही बाहेरून आत आणि आतून बाहेर अशी रेघ आखता. जास्त जागा म्हणजे मोठी त्रिज्या, मोठी त्रिज्या म्हणजे जास्त वेग. अरुंद रस्त्यावर छोटी गाडी नुसती छोटी असल्यामुळे वेगवान ठरते, इंजिनाचा त्यात काही संबंध नाही.

वायुवेग

ताई, सगळं मान्य, पण जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकचं काय? तिथे सत्तरच्या वर वळणं आहेत. 2021मध्ये कायेन टर्बो जीटीने 20.832 किमीची पूर्ण फेरी 7 मिनिटं 38.925 सेकंदांत मारली. होंडा सिव्हिक टाइप आरने 2023मध्ये त्याच लांबीवर 7:44.881 दिली, आणि तो पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांचा विक्रम होता. सव्वादोन टनांच्या आसपासची एसयूव्ही इतक्या नावाजलेल्या हॅचपेक्षा सहा सेकंद पुढे. मग वळणात हॅचच पुढे असं सरसकट कसं म्हणणार?

वळणवाट

सरसकट मी म्हणतच नाही. पण तो ट्रॅक बघा. वळणं पुष्कळ असली तरी त्यातली बरीच वेगात घ्यायची आहेत, चढ मोठे आहेत आणि शेवटी दोन किमीहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे 640 पीएस आणि 329 पीएस यांच्यातली दरी उघडी पडते. दुप्पट ताकद असून, खास त्या गाडीसाठी बनवलेले चिकट टायर असून, साडेसात मिनिटांत फरक सहा सेकंदांचा. मी तर यात हॅचची थोरवी पाहते. सिव्हिक टाइप आर काही छोटी हॅच नाही हेही आहेच. पण कायेन बनवणाऱ्या इंजिनिअरांचं कौतुक करावं तेवढं थोडं, एवढ्या वजनाला इतक्या वेळा वळवणं आणि थांबवणं ही साधी गोष्ट नाही.

पाना दहा-बारा

थांबवण्यावरून आठवलं, ब्रेक राहून गेले.

ताशी 100 किमीला 1250 किलोच्या गाडीत (चालकासकट) सुमारे 480 किलोज्यूल ऊर्जा असते, 2300 किलोच्या गाडीत सुमारे 890. थांबताना ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन डिस्कमध्ये जाते. एकदाच जोरात थांबायचं असेल तर जड गाडीही चांगल्या टायरवर हॅचइतक्याच अंतरात थांबते, उगाच घाबरायचं कारण नाही. प्रश्न येतो उतारावर पाठोपाठ ब्रेक लावताना. डिस्क थंड व्हायला वेळ मिळत नाही, पॅडची पकड कमी होते, जोर जास्त लावावा लागतो. फ्लुइड जुनं असेल तर त्यातलं पाणी उकळून पॅडल मऊ पडतं, आणि ते फार धोक्याचं. गॅरेजात येणाऱ्या जड गाड्यांत निळसर पडलेल्या डिस्क आणि कडेला चुरा झालेले पॅड मी नेहमी बघतो. मालक म्हणतात, 'गाडी ताकदवान आहे हो, ब्रेक एवढ्यात कसे गेले?' ताकदवान आणि जड आहे, म्हणूनच गेले.

मागची सीट

सगळ्यांचं वाचून ज्ञानात भर पडली. एक वेगळी बाजू मांडते. मी बहुतेक वेळा गाडीत मागे बसते, लहान मुलासोबत. वळणांवर एसयूव्ही जोरात चालवली की मागे बसणाऱ्याची दशा होते. गाडी उंच, आपण त्याहून उंच बसलेलो, त्यामुळे डोकं सारखं या खिडकीकडून त्या खिडकीकडे जातं. मुलाला हमखास उलटी होते. त्याच रस्त्यावर बुटकी गाडी त्याच वेगाने गेली तरी इतका त्रास होत नाही. ज्यांच्यासाठी मोठी गाडी घ्यायची, त्यांना घेऊन ती वेगात चालवता येतच नाही, हे घेण्याआधी लक्षात असू द्या.

सहावा गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः पानादादा आणि वळणवाट ताईंचे. भावाला सुटतानाचा हिशोब वाचून दाखवला, त्याला तो पटला. मागची सीट यांचा मुद्दा बायकोने वाचला आणि तिचंही तेच मत पडलं.

गरज आणखी स्पष्ट करतो. रोज आम्ही चौघे, दोन मोठे आणि दोन लहान. सहा जण महिन्यातून एखाद्या वेळी. डोक्यात सध्या तीन पर्याय आहेत: एक्स फाइव्ह, इलेक्ट्रिकमध्ये किआ ईव्ही नाइन, आणि टोयोटा लँड क्रूझर 300.

वायुवेग

लँड क्रूझर 300 यादीतून काढा. गाडी म्हणून ती जबरदस्त आहे. 3.3 डिझेल, 309 पीएस, 700 न्यूटन मीटर, शंभरला सातच्या जरा आत. पण लॅडर फ्रेमवर (ट्रकसारख्या शिडीच्या आकाराच्या सांगाड्यावर) बांधलेली अडीच टनांची गाडी दगडधोंड्यांसाठी, लांबच्या खडतर प्रवासासाठी असते. ज्याचं मन आय ट्वेंटी एनच्या स्टेअरिंगमध्ये अडकलंय त्याला ती रोज बोचेल.

ईव्ही नाइनची चारही चाकांची 385 पीएसवाली 5.3 सेकंदांत शंभर गाठते, सात जण घेऊन. वजन अडीच टनांच्या वर आहे, पण बॅटरी जमिनीलगत असल्यामुळे गाडीचा भार खाली राहतो. पेट्रोल-डिझेल एसयूव्हीपेक्षा कलणं कमी जाणवेल. गिअर नाहीत, टर्बो लॅग (पाय दाबल्यावर ओढ यायला होणारा उशीर) नाही, चालत्या गाडीत पाय दाबला की लगेच ओढ मिळते. तुमच्या भावाची गाडी सुटताना आणि पळताना दोन्हीकडे मागे पडेल.

वळणवाट

मला मात्र या तिन्हींपैकी कुठलीच सुचवावीशी वाटत नाही. सहा जण महिन्यातून एकदा, तर त्या दिवशी मोठी गाडी भाड्याने घ्या किंवा भावाची मागा. रोजच्या चौघांसाठी बुटकी, लांब स्टेशन वॅगन बघा. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस कॉम्बी 265 पीएसची आहे, शंभरला सातच्या आत, डिकी 640 लिटरची. दोन चाइल्ड सीट, सामान, सगळं मावतं, आणि चालकाची सीट जमिनीजवळ. वेग आणि जागा दोन्ही हवं असेल तर गाडी लांब करावी, उंच करू नये. उंचीचे पैसे तुम्ही विकत घेताना मोजता, आणि नंतर प्रत्येक वळणाला पुन्हा मोजता.

आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास असेल आणि बुटक्या गाडीत बसता-उठता येत नसेल, तर मात्र मी हा सल्ला मागे घेते. मग ईव्ही नाइन.

शांत इंजिन

भावासोबत रस्त्यावर शर्यत लावून खात्री करू नका, कळकळीने सांगतो. दोघांनाही हौस असेल तर ट्रॅक डेला जा. जीपीएसवर वेळ मोजणारं छोटं यंत्र मिळतं. त्यावर 80 ते 120 आणि 100 ते 0 हे दोन आकडे घ्या. रोजच्या ओव्हरटेकला आणि अचानक थांबायला तेच उपयोगी पडतात, शून्य ते शंभर फारसं कामाला येत नाही.

सहावा गिअर

शांत इंजिन दादा, शर्यत लावणार नाही, शब्द देतो.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे बुटक्या गाडीत त्यांना बसवून बघावं लागेल. ऑक्टाव्हिया आधी घरच्यांना घेऊन बघतो, त्यांना जमली तर तीच. नाही जमली तर ईव्ही नाइन. टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय तपासू? आणि टायरचं सांगा, ईव्ही नाइनला 21 इंची चाकं मिळतात, ती घेऊ का?

पाना दहा-बारा

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, गाडी भरून न्या. रिकामी एसयूव्ही आणि सहा माणसं बसलेली एसयूव्ही या दोन वेगळ्या गाड्या आहेत. चार मोठी माणसं म्हणजे 300 किलो, ते नक्की जाणवतं. बाबांना स्वतःच्या हाताने दार उघडून, कुणाचा आधार न घेता बसायला आणि उतरायला सांगा. खराब रस्त्यावर ताशी चाळीसने चालवा आणि मधल्या रांगेतल्यांना विचारा, आदळतंय का. मग मोकळ्या जागी, मागे कुणी नसताना, ताशी साठवरून एकदा कडक ब्रेक. नाक किती खाली जातं, गाडी सरळ राहते का, तेवढं बघा. तिसऱ्या रांगेत चाइल्ड सीटचे आयसोफिक्स हुक आहेत का, तेही तिथेच हात घालून तपासा.

चाकं 21 इंची घेऊ नका. चाक मोठं झालं की टायरची बाजू पातळ होते, खड्डा थेट रिमला लागतो. शिवाय मोठं चाक जड असतं आणि ते वजन सस्पेन्शनच्या खाली, स्प्रिंगने न पेललेलं. 19 इंचीवर आराम जास्त, रेंजही थोडी जास्त. वजनदार इलेक्ट्रिक गाडी टायर लवकर खाते, बदलताना जास्त भार पेलणारा, एचएल किंवा एक्सएल खूण असलेला, कंपनीने सांगितला असेल तोच घ्या. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, गाडी थंड असताना तपासायची. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तिथे वेगळा आकडा दिलेला असतो, सहा जण बसणार असतील त्या दिवशी तो भरा.